साखर एकशे चार

१

आंधळगावचे मधुकरराव ज्या दिवशी साखरेनं मेले, त्या दिवशी सकाळी त्यांची साखर एकशे चार भरली होती.

एकशे चार म्हणजे तालमीतल्या पोराची साखर. आणि दुपारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा तिथल्या यंत्रानं आकडा दाखवायलाच नकार दिला. साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती. दिवस मावळायच्या आत म्हातारा आटोपला. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं काम नव्हे, कित्येक आठवडे हा माणूस आतून वाळत होता. घरात कुणाला दिसलं नाही का?

दिसणार कसं? घरात तर रोज सकाळी उत्सव होता. मधुकरराव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचे जुने व्यापारी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, बोटं साखरेनं बधिर झालेली, पण आवाज असा की समोरच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. दिवाळीनंतर त्यांनी इन्सुलिनची सुई सोडली होती आणि समुद्री शेवाळाची भुकटी धरली होती. रोज ओसरीवर बसून बोट तपासायचं आणि आकडा आला की रस्त्यावरच्या माणसाला थांबवून ऐकवायचा, "एकशे चार! आयकून राहिला का रे? बिना सुईचा!" मुलगा धर्मेंद्र त्या भुकटीचा गावातला विक्रेता. बापाचा आवाज जितका चढा, तितकी पोराची पाकिटं जास्त खपत. आंधळगावापासून समुद्र कुठल्या कुठे, पण त्या हिवाळ्यात अर्ध्या गावाच्या तोंडाला मासोळीचा वास येत होता.

तेरावी आटोपली आणि फौजदार दारात उभा राहिला. दवाखान्याचा अहवाल आला होता. घरातलं मशीन खोटं नव्हतं, मग आकडा खोटा होता. खोट्या आकड्यानं माणूस मारणाऱ्याला कायद्यात जागा आहे. आणि त्या घरात मशीन लावणारं माणूस एकच होतं, धर्मेंद्रची बायको रुचिका. शिवाय धर्मेंद्रनं स्वतः जबाब दिला होता की दवाखान्यात नेताना जीपमध्ये बाबांनी मरता मरता तिच्याकडे बोट दाखवलं.

कृष्णराव भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते. ते राधाबाईंचे, म्हणजे मधुकररावांच्या बायकोचे थोरले भाऊ. चिखल्याच्या पोलीस चौकीत उभी हयात काढून जमादार म्हणून निवृत्त झालेले. रुचिकाला पवनीहून पाहून या घरात त्यांनीच आणलं होतं.

फौजदार कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो हळूच म्हणाला, "जमादारसाहेब, तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबतो. मंग तिले घेऊन जातो."

२

भुकटी आणणारा भूषण शाळेच्या पडवीत बसला होता. सकाळी गावानं त्याला प्रसाद दिला होता. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, शर्टाची बाही लोंबत होती. पवनीचं शिकलेलं पोर, औषधशास्त्राची पदवी. त्याला मारणाऱ्यांत सगळ्यात पुढे तेच होते, जे कालपर्यंत त्याच्याकडे उधारीवर पाकीट मागत होते.

"काय असते त्या भुकटीत?" कृष्णरावांनी विचारलं.

"शेवाळच असते, काका. तपकिरी समुद्री शेवाळ." त्याला बोलताना दुखत होतं. "भात पोटात गेला का त्याची साखर होते. ह्या शेवाळात अशी द्रव्यं हायेत का ते काम जरा हळू होते. उंदरायवर चांगलं दिसलं, माणसायवर थोडंसं. बस, एवढंच. सुई सोडा असं मी कोनालेच सांगतलं नाई. मधुकररावायले त हात जोडून म्हटलं होतं, डॉक्टरले इचारल्याबिगर सुई सोडू नोका."

"मंग त्यायनं काहून सोडली?"

"आकडे पाहून. एवढे चांगले आकडे मले बी पटत नव्हते. मी म्हटलं एक डाव भंडाऱ्याले तपासा. तर धर्मेंद्रभाऊ म्हणे, तू आपलाच माल कायले पाडून राहिला?" भूषण रडवेला हसला. "लोक मले म्हणायचे, आमच्या बोडीच्या पान्यात शेवाळ का कमी हाये, समुद्राची काहून खावा? तवाच मानलं असतं त बरं होतं."

कृष्णरावांनी घरचं मशीन सोबत आणलं होतं. त्यांनी आधी त्यावर आपलं बोट तपासलं, मग भूषणच्या मशीनवर. दोन्हीकडे आकडा सारखाच आला. म्हणजे मशीन खरं, भुकटीही बिचारी निरुपद्रवी. खोटं फक्त रक्तच असू शकत होतं.

आणि तेव्हा त्यांना तेरा दिवसांपूर्वीची एक गोष्ट आठवली. प्रेताला आंघोळ घालताना मधुकररावांचे हात त्यांनीच धुतले होते. रोज टोचून घेणाऱ्या माणसाची बोटं कशी असतात, हे त्यांना ठाऊक होतं, कारण साखर त्यांनाही होती आणि स्वतःची बोटं ते रोज पाहत. मधुकररावांच्या बोटांवर एकही टोचलेली खूण नव्हती.

म्हातारा महिनोन्‌महिने दुसऱ्याच कुणाच्या रक्ताचा आकडा गावाला ओरडून सांगत होता.

३

"मामाजी, तिले वाचवाले नोका जाऊ," धर्मेंद्र म्हणाला. तेरावीला केस उतरवलेल्या डोक्यावरून हात फिरवत तो ओसरीवर बसला होता. बाप गेल्याचं दुःख होतं की पाकिटं पडून राहिल्याचं, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. "मशीन कोन लावे? तेच. आकडा कोन सांगे? तेच. मले काय मालूम हे आमच्या मुळावर उठली म्हणून!"

"जीपमंधी काय झालं, नीट सांग."

"बाबायले सकाळपासून ग्लानी होती. साखर त एकशे चार. आमाले वाटलं, उतरली असन आता. म्हणून मी साखरेचं पानी पाजत होतो, आई गिलास धरून होती. समोरच्या सीटवर रुचिका. मधात आई बाबायच्या कानाशी वाकली, देवाचं नाव सांगतलं असन. अन् बाबायनं डोळे फाडले. जीभ वाळली होती, बोलता येईना. मंग असा हात पुढं केला, तिच्याकडं."

धर्मेंद्रनं हात पुढे करून दाखवला. तळवा वर, पहिलं बोट ताठ.

कृष्णरावांनी तो हात नीट पाहून घेतला.

"अन् तिनं काय केलं?"

"काय करन? पदर डोक्यावर ओढून मांगं सरकली. मनात पाप असल्यावर माणूस मांगंच सरकते."

साखरेनं मरणाऱ्या बापाला या लेकानं स्वतःच्या हातानं साखर पाजली होती, आणि अजून त्याला ते उमगलं नव्हतं. कृष्णरावांनी ते त्याला सांगितलं नाही. भाच्याची दया आली म्हणून नव्हे. संध्याकाळ जवळ येत होती आणि त्याच्या रडण्याला वेळ नव्हता.

४

राधाबाई मागच्या पडवीत कोशाचं सूत काढत बसल्या होत्या. उकडलेल्या कोशातून धागा ओढायचा आणि मांडीवर घासून त्याला पीळ द्यायचा. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"नवरा जाऊन पंधरा दिवस नाई झाले, अन् तू सूत काढून राहिली?"

"हात रिकामे बसत नाई, दादा."

तेवढ्यात सुताचा व्यापारी हिरालाल लंगडत आत आला. एका पायाला पट्टी होती. मधुकररावांचे आकडे ऐकून त्यानंही साखरेच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि महिन्याभरापूर्वी त्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. त्यानं सुताची लडी राधाबाईंसमोर टाकली.

"वहिनी, दुःखाच्या घरात बोलू नये, पण हे परत घ्या. ह्या लडीवर बी ठिपके हायेत. कोसा लोक सोवळ्याले नेसतात, रक्ताचे डाग असलेलं कापड मी कोनाले विकू?"

पिवळसर सुतावर जागोजागी बारीक तपकिरी ठिपके होते. राधाबाईंनी लडी शांतपणे मांडीखाली सारली. "कोशाचं टोक लागते बोटाले," त्या म्हणाल्या.

हिरालाल लंगडत गेला. कृष्णरावांना आठवत होतं, त्यांची आईही असंच सूत काढायची. उकडलेला कोसा लोण्यासारखा मऊ असतो. तो कुणाला टोचत नाही.

भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. फोटोतली स्वाती, कृष्णरावांची भाची. भंडारा-गोंदिया जिल्हे वेगळे झाले त्या वर्षी गेलेली, वयात येता येता. कृष्णराव तेव्हा चिखल्याला होते. त्यांना कळवलं होतं की पोरगी तापानं गेली.

"भाऊजीले शेवटी लय त्रास झाला का?" त्यांनी विचारलं.

"तहान," राधाबाई म्हणाल्या. चाती फिरावी तसा त्यांचा हात मांडीवर चालूच होता. "घागरभर पानी पेले तरी जीभ वाळलेली. रातभर उठू उठू मोरीत जायचे. अंगावरचं मांस उतरलं. स्वातीचं झालं होतं, तसंच."

तापानं माणूस असा झिजत नाही, हे चौकीतल्या जमादारालाही कळतं. कृष्णराव उठले. बहिणीच्या बोटांकडे पाहायचं त्यांनी टाळलं. त्यांना अजून आशा होती की आपलं चुकतंय.

५

रुचिका स्वयंपाकघरात होती. रडून रडून चेहरा सुजलेला. फौजदाराची जीप समोरच उभी होती, आणि ती तिला खिडकीतून दिसत होती.

"हात दाखव पोरी," दारातूनच कृष्णराव म्हणाले.

तिनं दोन्ही पंजे पुढे केले. भाजल्याच्या खुणा होत्या, विळीवर कापल्याची एक होती. टोचल्याची एकही नाही.

"मशीन तू लावत होती ना?"

"हो, मामाजी. पट्टी मशीनमंधी घालून द्यायची अन् आकडा वाचायचा. मले शिकवलं होतं भूषणदादानं. सासूबाईले वाचता येत नाई, बाबायले दिसत नाई." ती हुंदका गिळत होती. "म्या आकडा कधीच खोटा सांगतला नाई. जो आला तोच सांगतला. देवाशपथ सांगते. त्या दिवशी जीपमंधी बी मशीन माह्या पर्समंधीच होतं."

"मंग तुले काय वाटते, काय झालं असन?"

"मले काईच समजून नाई राहिलं."

मग तिनं चहा ओतला. तुरुंगात नेणारी जीप दारात उभी असताना या पोरीनं मामेसासऱ्याला चहा विचारला. पदर डोक्यावरून पुढे ओढला, उंबऱ्याशी आली, कप जमिनीवर ठेवला आणि बोटांनी त्यांच्याकडे सरकवून मागे झाली.

कृष्णराव त्या कपाकडे पाहतच राहिले. लग्न होऊन आल्यापासून या पोरीनं त्यांना चहा असाच दिला होता. त्यांच्या घरात त्यांच्या सुनाही असाच देत. सून सासऱ्याच्या हातात काही देत नाही, सासऱ्याला शिवत नाही. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की तिच्याकडे कुणी पाहतही नाही. सगळं गाव म्हणत होतं, सून तपासते. फौजदार म्हणत होता, सून तपासते. आणि स्वतः कृष्णराव, दोन सुनांचा सासरा, सकाळपासून तेच गृहीत धरून बसले होते.

चहा तसाच ठेवून ते ओसरीकडे निघाले.

६

"धर्मेंद्र," सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तुह्या बायकोनं तुह्या बापाचं बोट हातात कवा धरलं होतं?"

धर्मेंद्र ताडकन उठला. "काय बोलून राहिले, मामाजी? आमच्या घरात सून सासऱ्याले हात लावत नाई! आम्ही काय तसे लोक हावो का?"

"बरोबर. लोक तसे नाई." कृष्णराव फौजदाराकडे वळले. "साहेब, लिहून घ्या. तक्रारदार स्वतः सांगून राहिला का आरोपीनं मयताच्या बोटाले कवाच हात लावला नाई. रुचिका दाराच्या आत बसे. पट्टी घातलेलं मशीन बाहेर सरकवे, अन् रक्त लागलं का वापस घेऊन आकडा वाचे. सुई टोचणारं माणूस दुसरंच होतं. बोटं बधिर, डोळ्याले दिसत नाई. भाऊजीच्या बोटावर सुईचं टोपण जरी दाबलं, तरी त्यायले वाटे, टोचलं."

मग एकेक करून सगळ्यांच्या माना पडवीच्या दाराकडे वळल्या.

राधाबाई तिथे उभ्याच होत्या. त्यांनी उजवा पंजा उघडून भावासमोर धरला. बोटांच्या कडा टोचून टोचून चाळणी झाल्या होत्या.

"माहंच रक्त होतं," त्या म्हणाल्या. "पदराआड आपलं बोट टोचून तेच लावत होती. माहं रक्त गोड नाई, दादा. या घरात कडूच झालं ते."

"काहून केलं राधा?"

"स्वातीले साखरच होती. ताप नव्हता. डॉक्टर म्हणे, रोज सुई द्या, पोरगी म्हातारी होईन. हे म्हणे, अंगभर सुया टोचलेली पोरगी कोन करीन? जडीबुटीनं बरी होते. पाल्याचा रस पाजला तिले. मी पाय धरले, तर मले कोठ्यात कोंडलं. पोरगी पानी पानी करत मेली, अन् ह्यायनं गावाले ताप सांगतला." त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. "मंग ह्यायलेच साखर झाली. अन् सुई घ्यायले पहिले हेच धावले. वर्षावर वर्षं मी त्यायले सुई टोचली माह्या हातानं. वाट पाहत होती. हे शेवाळ आलं, तवा मले वाटलं, देवानं धाडलं."

"अन् जीपमंधी कानात काय सांगतलं?"

"खरं सांगतलं. एकशे चार माही हाये म्हणून सांगतलं, तुमची नाई. आता स्वातीसारखे मरा." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, समाधानच होतं ते. "समजलं त्यायले. चांगलं समजलं."

कृष्णरावांचा आवाज चढला. "हिरालालच्या पायाची बोटं गेली तुह्या आकड्यायनं. भूषणले लोकायनं मरेस्तोर मारलं. अन् ही पोरगी? चोर सोडून संन्याशाले सुळी? तू तिले जाऊ देत होती?"

राधाबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुताच्या लडीकडे पाहावं तसं. "सोडलं असतं तिले. अन् नसतं सोडलं, तरी ते काय माही पोरगी हाये?"

फौजदारानं टोपी घातली. पण धर्मेंद्र मध्येच ओरडला, कारण आता त्याला दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. "मंग बाबायनं हिच्याकडं बोट काहून दाखवलं? सांगा ना!"

"दाखवलं नाई रे गाढवा," कृष्णराव म्हणाले. "बोट दाखवताना तळवा खाली असते. तू मले वर करून दाखवला. त्यायले कळलं होतं का बायको खोटी हाये, लेक साखर पाजून राहिला. मशीन होतं समोर, सुनेच्या पर्समंधी. रीतभात सोडून म्हाताऱ्यानं तिच्यापुढं बोट केलं, का पोरी, तू तपास."

बोलून गेल्यावर त्यांना आठवलं की रुचिका दारातच उभी आहे, सगळं ऐकत.

७

जीप राधाबाईंना घेऊन गेली. त्या स्वतःच्या पायांनी चढल्या, मागे वळूनही पाहिलं नाही. धर्मेंद्र ओसरीच्या खांबाला डोकं लावून बसला होता. साखरेच्या पाण्याचं आता त्याला उमगलं होतं. त्याच्याकडे कुणी गेलं नाही.

रुचिका सुटली होती. सकाळपासून कृष्णरावांनी याचसाठी जिवाचं रान केलं होतं. ती अंगणात त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार."

"म्या तवा बाबायचं बोट धरलं असतं, अन् तपासलं असतं, त ते वाचले असते का?"

डॉक्टरांनी कृष्णरावांना स्पष्ट सांगितलं होतं. दवाखान्यात येताना अर्ध्या रस्त्यात जरी कळलं असतं, साखरेचं पाणी थांबवून वाटेतल्या मोहाडीलाच सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं असतं, तर म्हातारा उठून बसला असता.

आयुष्यभर त्यांनी चौकीत लोकांना खरं बोलायला लावलं होतं, गोडीनं आणि कधी काठीनं.

"नाई," ते म्हणाले. "तवा काईच होऊ शकत नव्हतं."

रुचिकानं पदर मागे सारला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. या घरात आल्यापासून तिनं त्यांच्या नजरेला कधी नजर दिली नव्हती.

"कोनी इचारलं त असंच सांगत जा, मामाजी," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.